खोक्यावरचं चित्र

मोहल्ल्यातल्या त्या औषधांच्या दुकानात वजदी बावीस वर्षं उभा होता आणि अख्खी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची. शिक्षण म्हणाल तर वाणिज्य शाखेची पदविका. पण पांढरा कोट घालून काउंटरमागे उभा राहणाऱ्याला इथे दुसरं काही म्हणतच नाहीत. वजदीनेही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोला.

गळ्यात दोरीला कात्री असायची. लोक एकच स्ट्रिप मागत, तो काढून देई, अर्धी हवी तर कापून. खोकं आणि आतला कागद ड्रॉवरमध्ये पडून राही. मालकीणबाई, औषधशास्त्र शिकलेल्या डॉ. नेवीन, संध्याकाळी येत. पोटातल्या बाळाला घातक असं लाल पट्टीचं औषध चिठ्ठीशिवाय कुठल्याही बाईला द्यायचं नाही, असं बजावत. वजदी मान डोलावी.

शाहिनाझला बाराव्या वर्षापासून फिट्स यायच्या. नऊ वर्षं तिच्या गोळ्या वजदीच देत होता, एका जुनाट चिठ्ठीवर. ती लिहिणारा डॉक्टर केव्हाच कुवेतला निघून गेला होता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिची आई सबरीन दुकानात येऊन रडली. सासरी कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणाली. तोड वजदीनेच काढली. गोळ्या सोलून कॅल्शियमच्या बाटलीत भरल्या. उघड्या गोळ्यांना ओल लागते हे त्याला ठाऊक, म्हणून वर कापसाचा बोळाही घातला. केवढी ती काळजी! खोक्यावर पोटुशी बाई होती आणि तिच्यावर आडवी लाल रेघ. ते त्याने ड्रॉवरमध्ये सारलं आणि एका पोरीचा संसार मार्गी लावल्याच्या समाधानात घरी जेवायला गेला.

सहा महिने सबरीन बाटली भरून नेत होती. सातव्या महिन्यात तीच बाटली घेऊन शाहिनाझची सासू, उम्म रिफअत, आली.

"डॉक्टर, सुनेचं कॅल्शियम द्या. या खेपेला लवकर संपलं बघा."

"लवकर कसं?"

"दोन जिवांची आहे ना आता. तिसरा महिना लागलाय. तिची आई एकच द्यायला सांगते, कंजूष मेली. मी दोन-दोन देते, माझ्या हाताने. पोर मुकाट्याने गिळते."

सुनेला जरा इकडे पाठवा, वजदी कसाबसा म्हणाला. तिला मी पलंगावरून उतरू देत नाही, सासूने ऐटीत सांगितलं. गोळ्या द्याव्यात तर बाळाचा घात. एकदम बंद कराव्यात तर पोरीला फिट, तीही पोटात जीव असताना. आणि तोंड उघडावं तर लग्न गेलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

शेवटी त्याने ड्रॉवर ओढला आणि खोकं काउंटरवर ठेवलं. उम्म रिफअतला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळलं.

"बाटलीत हे होतं. फिट्सचं औषध आहे," वजदी म्हणाला. "मनाने वाढवू नका, मनाने बंदही करू नका. आत्ताच तिला इस्पितळात डॉक्टरकडे न्यायचंय. खोकं घेऊन मीही येतो."

"डॉक्टरकडे? आणि तुम्ही कोण?"

"मी डॉक्टर नाही."

तिने त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"मग इतकी वर्षं हाक मारली की ओ कशाला देत होतात?"