कुलपाबाहेरची पडवी

"आधी बसून बघू," असं म्हणून तो लाल प्लास्टिकची खुर्ची उघड्या प्लॉटवर मांडायचा आणि खरंच बसायचा.

चारकोपला आमच्या सेक्टरमध्ये वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी, जुन्या भाड्याच्या खोलीसमोरच, जागा मिळाली होती. मी वाचनालयाचा सेक्रेटरी, तो आमच्याच गल्लीतला रिटायर्ड आर्किटेक्ट. नकाशा फुकट काढून देतो म्हणाला. फुकट काम करणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

महिना झाला तरी कागदावर रेघ नाही. वारा कुठून येतो, सावली कुठवर जाते, ते बघून हा जमिनीवर चुन्याने खुणा करायचा. लोक मला विचारायचे, "काय हो, क्रिकेटचं पिच होतंय का?"

एकदाचा नकाशा आला. उत्तरेला ही एवढी रुंद पडवी, त्यात लांबच लांब बाकं, आणि सगळं कुलपाच्या बाहेर! माझं डोकंच फिरलं.

"अरे, इथे चार कपाटं मावली असती."

"पुस्तकं उभी राहतील रे. माणसं कुठे बसणार?"

"आत बसतील ना!"

"दुपारी बारा ते चार?"

बारा ते चार वाचनालय बंद. पहिल्यापासूनचा नियम तो. मी म्हटलं, "सभेत ही पडवी कापूनच टाकतो, बघ."

"काप. पण आधी एक दुपार बसून बघ."

बसलो. मे महिना, अंगाची नुसती लाही. प्लॉटवरच्या बदामाच्या झाडाखाली तीन मुली पोलीस भरतीचा अभ्यास करत होत्या. ऊन अंगावर आलं की पुस्तकं उचलून हातभर सरकायच्या. तासाभरात चारदा.

"घरी का नाही बसत गं?"

"एकच खोली आहे, काका. बाबांची नाइट असते, दुपारी झोपतात ते," एक म्हणाली. बाकीच्या दोघींनी वर बघितलंसुद्धा नाही.

मला लाज वाटली. बारा वाजता कुलूप लावून घरी जेवायला जाताना इतकी वर्षं मी त्या झाडाकडे बघितलंच नव्हतं. सभेत पडवीसाठी मीच भांडलो.

रंगकाम चालू असतानाच तो गेला. सकाळी छातीत दुखलं, दुपारपर्यंत सगळं संपलं. मला त्याचा भयंकर राग आला. एवढी घाई त्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी कुलूप लावलं आणि त्याची खुर्ची समोर मांडून बसलो. त्या तिघी पडवीत येऊन बसल्या. एक वाजला, दोन वाजले. चार वाजले तरी एकीलाही जागेवरून सरकावं लागलं नाही.

मी बसून बघितलं रे.