सूर्यास्तापूर्वीची घरफोडी

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, मग सांगतो. उभी हयात कोर्टात कारकुनी केली, आणि निवृत्तीनंतर चक्क घरफोडी केली. तीही पालममध्ये, स्वतःच्या गल्लीत, शेजारच्या गुरुजींच्या घरी!

गुरुजी सहकुटुंब लग्नाला चुडाव्याला गेले. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "काका, दिवस मावळायला बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावा. घर बंद हाय असं दिसू नये. चोरट्यांचं लय वाढलंय."

मी गेलो. किल्ली काही फिरेना. इकडून फिरवली, तिकडून फिरवली, तेल घातलं, फुंकर मारली. दिवस तर मावळत आलेला. शेवटी अंगणातला दगड उचलला आणि दिला ठेवून कुलपावर! ते एका दणक्यात तुटलं. मला उगाच स्वतःच्या ताकदीचा अभिमान वाटला.

आत शिरलो, दार लोटलं, मेणबत्तीसाठी खिशात हात घातला. आणि हाताला काय लागावं? किल्ली! गुरुजींची खरी किल्ली! मघापासून मी आमच्या कपाटाची किल्ली फिरवत होतो.

तेवढ्यात बाहेरून खाडकन कडी लागली.

"चोर कोंडला! पळत या, पळत या! गुरुजीच्या घरात चोर हाय!" समोरच्या रुक्मिणबाईंचा आवाज. त्या साध्या बोलल्या तरी बसस्टँडवर ऐकू जातं.

आता तुम्ही म्हणाल, आतून ओरडायचं की, "अहो, मी आहे!" तुम्ही ओरडला असता. तुम्हाला कायदा माहीत नाही ना! मला माहीत होता, तिथंच तर घात झाला. कोर्टात मी एकच गोष्ट शिकलो: जो आरोपी तोंड उघडतो, तो फसतो. त्यात कुलूप फोडलेलं, आणि खिशात चालणारी किल्ली. खरी किल्ली जवळ असताना कुलूप का फोडलं, या प्रश्नाला कोणता वकील उत्तर देईल?

मनात शिक्षेचा हिशेब सुरू झाला. चोरीसाठी घर फोडलं तर दिवसा दहा वर्षांपर्यंत. आणि सूर्यास्तानंतर? चौदा! म्हणजे मी दगड मारला तेव्हा सूर्य होता की नव्हता, यावर माझी चार वर्षं टांगलेली. खिडकीच्या फटीतून पाहिलं. आभाळ तांबडं. तांबडं म्हणजे दिवस की रात्र? माझं वय पाहता दहा काय आणि चौदा काय, बाहेर येणार होतो ते खांद्यावरच. तरी घाम फुटायचा तो फुटलाच.

एक मात्र पक्कं ठरवलं, मेणबत्ती लावायची नाही. उजेड केला म्हणजे अंधार पडल्याची कबुलीच की!

बाहेर गर्दी जमली. त्यात आमच्या हिचा आवाज आला.

"अगं बाई, चोर कसला? आमचे हे गेलेत मेणबत्ती लावायला!"

"मेणबत्ती हाय का बघा आत," रुक्मिणबाई म्हणाल्या. "आन् कुलूप फोडून कोन मेणबत्ती लावायलंय?"

ही म्हणाली, "खरंच की. हे असते तर लावली असती. मग हे गेले कुठं? मेल्या चोरा, काय केलंस रे त्यांना?" आणि ती रडायलाच लागली.

आता सांगा, काय करणार? एकीकडे चार वर्षं, दुसरीकडे जिवंतपणी माझ्या नावानं चाललेलं रडणं. काडी ओढली आणि मेणबत्ती खिडकीत धरली.

"अवो, काकाच हायेत की!" रुक्मिणबाई ओरडल्या. कडी निघाली.

दार उघडलं, तर गर्दीच्या पुढं खाकी वर्दी! जमादार! दोन्ही हात जोडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "साहेब, कुलूप मीच फोडलं. किल्ली खिशात होती. फक्त वेळ तेवढी सूर्यास्ताआधीची लिहा!"

जमादारानं डोकं खाजवलं.

"काका, ते तुमी अन् गुरुजी बघून घ्या," तो म्हणाला. "मी शेळी हरवलीय म्हणून आलोय. दिसली का कुठं?"