बसल्या कामाचा आराम

ज्योत्सना जन्मात कधी एका जागी बसलेली नव्हती. माहेर लाखनीच्या अलीकडचं, घर ढीवराचं, म्हणजे तलावातल्या मासळीवर जगणारं. शाळेतून आली की दप्तर तलावाच्या बांधावर, पाळीवर फेकून पोर पाण्यात, आणि आईनं हाका मारून घसा कोरडा केला तरी बाहेर यायचं नाव नाही. लग्न होऊन एकोडीला आली तीही ढीवराच्याच घरी. तलाव बदलला, एवढंच. नवरा धनराज डोंगा घेऊन तलावात गेला की ही काठावर मासळी निवडायची, साकोलीच्या बाजारात विकून यायची, येऊन चुलीला लागायची, आणि धान कापायचे दिवस असले तर विळा घेऊन कुणाच्या तरी बांधीत हजर. सासू गुणाबाई फार कमी बोलणारी बाई. पण त्याही एकदा शेजारणीजवळ म्हणाल्या होत्या, "आमची सून म्हंजे वावटळ हाय व."

अशा बाईला आता पाणी प्यायला उठायचीही भीती वाटत होती.

मागच्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. तिसरा महिना नुकता लागला होता. तलावाचं पाणी उतरलं की मच्छीमार संस्थेचे सगळे मिळून मोठं जाळं लावतात, दोन्ही काठांनी माणसं दोर ओढतात, आणि बघ्यांचीच जत्रा जमते. धनराजनं बजावलं होतं, सावलीत बसून राह्य. पण सावलीत बसणं हिच्या रक्तातच नाही. एका दोराला माणूस कमी दिसला आणि हिनं पदर खोचला. चार-सहा ओढी मारल्या असतील, हसत-खिदळत मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिसलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गावाला निकाल द्यायला वेळ लागत नाही. जाळं ओढलं म्हणून गेलं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. धनराज काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं चार दिवसांत विरलं. गुणाबाईंचं विरलं नाही. त्यांनी सुनेला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, डिंकाचे लाडू केले, सगळं केलं. फक्त त्या दोराबद्दल एक अक्षर काढलं नाही. ज्योत्सनाला वाटायचं, एकदाची शिवी घातली असती तर बरं झालं असतं. आतल्या आत सासू, म्हणजे तिच्या आत्याबाई, आपल्यालाच दोष देतात, ही तिची पक्की खात्री होती. आणि खरं सांगायचं तर तीही स्वतःलाच दोष देत होती.

पावसाळ्यात पुन्हा दिवस गेले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं तर सासू-सुनेनं ताकाचं भांडंच दूर सारलं. झाडू नाही, बादली नाही, जात्याजवळ जायचं नाही, तलावाकडं तर बघायचंही नाही. गुणाबाईंनी हुकूम सोडला आणि ज्योत्सनानं चकार शब्द न काढता मानला. तिला उलट तो हुकूम हवाच होता. दिवसातून कितीदा तरी ती न्हाणीत जाऊन कपडा पाहून यायची. कोरडा दिसला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा, आणि ओट्यावर येऊन बसेपर्यंत पुन्हा धाकधूक सुरू. शिंक आली तरी ती दोन्ही हातांनी पोट धरायची.

पण रिकामे हात खायला उठतात. म्हणून गुणाबाईंनी तिच्यापुढं फाटकी जाळी आणून टाकली. पाय लांब करून बसायचं, पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा फास अडकवायचा, आणि लाकडी सुईनं गाठी मारत राहायचं. ढीवराच्या घरात या कामाला कुणी काम म्हणतच नाही. म्हाताऱ्यांनी करायचं, आजाऱ्यांनी करायचं, बाळंतिणीनंही करायचं. घरची जाळी संपली तेव्हा शेजारच्यांची आली, मग पलीकडच्या मोहल्ल्यातलीही. ज्योत्सना सकाळी बसायची ती चहा-जेवणाला हात थांबवून, पाय न हलवता, दिवस मावळेपर्यंत. गुणाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायच्या, "आमच्या सुनेले पुरा आराम हाय. बसल्या बसल्या जाळंच इनते."

मध्येच नणंद कामिनीनं जवाहरनगरहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. तिचा नवरा फॅक्टरीत, राहायला क्वार्टर, त्यामुळे तिच्याकडं नव्या गोष्टी आधी पोचतात. आरशाच्या खोलीत एक गोरी गरोदर बाई एका पायावर उभी राहून दुसरा पाय मागे ताणत होती. खाली कामिनीचा निरोप: हे करत जा वहिनी, डिलिव्हरी नॉर्मल होते. ज्योत्सनानं तो अर्धाच पाहिला. ती बाई पडेल की काय असं वाटून हिनं फोन उलटा करून ठेवला.

गावातली आशाताई मोना दर महिन्याला यायची. "वहिनी, थोडं चालत जा," ती सांगून सांगून थकली.

"बाहीर काय चालाचं हाय?" गुणाबाई म्हणायच्या. "धानाचे ट्रॅक्टर धावून राहिले रस्त्यानं. एखादा धक्का लागला मंजे?"

ज्योत्सना मान खाली घालून गाठी मारत राहायची. चालायचं तिच्याही मनात नव्हतं. हललो की जाईल, एवढं एकच तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

पाचव्या महिन्यात एके सकाळी डावी पोटरी दुखायला लागली. तिला वाटलं, पेटका आला असेल. दुसऱ्या दिवशी पाय सुजला, तोही एकटा डावाच. गुणाबाईंनी तेल कोमट करून चोळायला घेतलं, तेवढ्यात योगायोगानं मोना दारात आली. तिनं दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, डाव्यावर हात ठेवला. तो गरम लागला.

"चोळू नका मावशी, हात काढा," ती एकदम म्हणाली. "धनराजभाऊ कुठं आहेत? आत्ता साकोलीला न्यायचं."

गाडीत ज्योत्सना एका हातानं पोट धरून होती आणि मनात एकच चाललं होतं: या वेळी तर मी काहीच केलं नाही. मी तर उठलेसुद्धा नाही. मग आता कशानं?

साकोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला, दिवसभर काय करतेस ते विचारलं. ज्योत्सनानं सांगितलं, आराम करतो. कसला आराम? जाळं इनतो. किती वेळ? ज्योत्सनानं तेही सांगितलं, तेव्हा बाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

"हा आराम नाही. इतका वेळ पाय न हलवता बसलं की रक्त पोटरीत साचतं. गरोदरपणात त्याची गाठ बनू शकते. ती गाठ सुटून वर छातीत गेली तर तुझ्याही जिवावर बेतेल. भंडाऱ्याला पायाची सोनोग्राफी करा, आजच."

गुणाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुनेला जपून जपून त्यांनीच तिला इथवर आणलं होतं, आणि ते त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

भंडाऱ्यापर्यंतचा तो रस्ता ज्योत्सनाच्या आयुष्यातला सगळ्यांत लांब रस्ता होता. पुढं ट्रकांची रांग, धनराज ड्रायव्हरच्या शेजारी सारखा मागं वळून पाहत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला तिला वाटत होतं की आता ती गाठ सुटली. मशीनच्या खोलीत थंडगार जेल लावून पोटरी तपासली. तिला पडद्यावर काहीच कळलं नाही. तपासणाऱ्यानं शेवटी सांगितलं की गाठ नाही, सूज आहे. ते ऐकून ती इतकी मोठ्यानं रडली की बाहेर बसलेल्या गुणाबाईंना वाटलं, गेलं.

दोन दिवसांनी पुन्हा साकोलीला दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी या वेळी पोटाचीही सोनोग्राफी पाहिली. बाळ ठीक आहे, वार वर आहे, पिशवीचं तोंड बंद आहे. "म्हणजे चालायला काही हरकत नाही. रोज चाल."

"मॅडम, पयलं तसंच गेलं ना," ज्योत्सना कशीबशी बोलली. "जाळं ओढलं होतं मी."

"दोर ओढल्यानं पोर जात नाही, बाई. पहिल्या तीन महिन्यांत जातात ते बहुतेक बीजातच काही चुकलेलं असतं म्हणून जातात. तू त्या दिवशी खाटेवर पडून राहिली असतीस तरी बहुतेक तेच झालं असतं."

"अजून एक डाव सांगा," कोपऱ्यातून गुणाबाई म्हणाल्या. बाईंनी पुन्हा सांगितलं. गुणाबाई त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिल्या.

ज्योत्सनाला ते पटलं नाही. डॉक्टरांना धीर द्यावाच लागतो, असं तिनं मनाशी धरलं. पण चालायचं कसं ते तिनं नीट ऐकून घेतलं. सपाट जागेवर, सावकाश. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करायचा. रक्त दिसलं, पाणी गेलं, पोटात कळा आल्या, चक्कर आली, पोटरी दुखली, तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. ओझं उचलायचं नाही. जाळं विणायचं तर विण, पण मधून मधून उठायचं. तलावात पोहू का, हेही तिनं विचारलं. काठ निसरडा असतो, सध्या नको, असं उत्तर आलं. आणि त्या व्हिडिओतल्या एका पायावरच्या बाईचं काय? त्यावर डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, तोल जाईल असलं काही नको.

सपाट जागा म्हणजे गावात एकच, तलावाची पाळ. रस्त्यावर खरंच ट्रॅक्टर होते. दोराच्या त्या दिवसानंतर ज्योत्सना पाळीवर चढली नव्हती. थंडीचे दिवस, धान कापून झालेलं, पाण्यावरून गार वारा येत होता. धनराज डोंग्यात होता, म्हणून सोबत गुणाबाई निघाल्या. पहिली काही पावलं ज्योत्सनानं अशी टाकली, जसा कुणी डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड घेऊन चालतो.

"बोल व," गुणाबाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"कायबी बोल. बाईनं सांगतलं ना बोलाले."

दोघींनाही एकमेकींशी बोलायची सवय नव्हती. ज्योत्सनानं शेवटी माशांची नावं घ्यायला सुरुवात केली. मरळ, वाघूर, दाडक, बोटरी. गुणाबाई प्रत्येक नावाला हुंकार देत होत्या आणि तिच्या श्वासाकडं कान लावून होत्या. नावं संपत आली तेवढ्यात ज्योत्सना थबकली. ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं होतं. गुणाबाईंनी तिचा दंड असा धरला की बोटं रुतली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. कळ पुन्हा आली नाही. आणखी थोडा वेळ थांबल्या, तरी आली नाही. ज्योत्सनानं पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं, कुठं दुखत नव्हतं.

"बस घडीभर," गुणाबाई म्हणाल्या, आणि दोघी पाळीवरच्या दगडावर टेकल्या. मग गुणाबाईंनी पाण्याकडं बघतच विचारलं, "थे डॉक्टरीन खरं सांगून राहिली होती का व?"

"काय, आत्याबाई?"

"वजं उचलल्यानं पोर नाई जात म्हून."

ज्योत्सनाला वाटलं, आता दोराची गोष्ट निघणार. इतके महिने जी वाट पाहिली ती शिवी आता येणार.

"धनराजच्या आंधी माहे दोन गेले," गुणाबाई म्हणाल्या. "मी डोक्सावर मासळीचं टोपलं घेऊन पायदळ साकोलीले जाओ. दोन्ही डाव तसेच गेले. माही सासू म्हने, टोपल्यानं खाल्ले तुह्ये लेकरं. मीबी आजवर थेच समजून राहिलो. कोनाले कधी इचारलं नाई. तुह्यं गेलं तवा मले तोंडच नोयतं बोलाले. तुले काय म्हनू मी? मीच मारले होते ना दोन." मग लहान पोरीसारखं त्यांनी विचारलं, "मंग माहे थे टोपल्यानं नाई गेले?"

ज्योत्सनाला काय ठाऊक? ती तेव्हा जन्मलीही नव्हती, आणि डॉक्टरीणबाईंनीही सगळे नाही, बहुतेक म्हटलं होतं. पण सासूचा तो सुरकुतलेला चेहरा पाहिला आणि तिला राहवलं नाही.

"नाई, आत्याबाई. टोपल्यानं नाई गेले. तुमच्यानं नाई गेले."

हे वाक्य तिनं स्वतःला कधीच म्हटलं नव्हतं. मोठ्यानं म्हटल्यावर ते आपल्यालाही लागू आहे, हे तिच्या ध्यानात आलं, आणि मग तिलाही रडू आवरेना. दोघी पाळीवर बसून उघड्यावर रडल्या. डोंग्यातून धनराजनं घाबरून हाक मारली, तेव्हा गुणाबाईंनी हात हलवून त्याला काही झालं नाही असं सांगितलं.

ज्योत्सना उठली. भीती गेली नव्हती. घरी गेल्या गेल्या ती पुन्हा न्हाणीत जाणारच होती. पण पाय हलायला तयार होते.

"चला," ती म्हणाली. "आता जाताना तुमी बोला."

गुणाबाईंनी डोळे पुसले. धनराजच्या आधी गेलेल्या त्या दोघांची नावं काय ठेवायची ठरवली होती, ते त्या सावकाश चालत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगू लागल्या.