अभ्र्यावरचे लहान काळे

फर्डिनंडने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी किडे टाचले. वसईच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. मुलं यायची, पास होऊन जायची. पेटीतली फुलपाखरं तशीच राहायची. १९९७ साली तो निवृत्त झाला आणि त्याच पावसाळ्यात, उमेळे गावातल्या घरामागे बायकोच्या पानवेलीवर, त्याला तो किडा दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा, नारिंगी, पाठीवर दोन काळे पट्टे. पानाचा रस शोषायचा. कॉलेजच्या एकाही पुस्तकात तो नव्हता.

खरं तर तो आधी बायकोला, रेजिनाला दिसला. पानांवर डाग कसले पडतात ते बघायला ती वाकली होती.

तेव्हापासून सकाळचं काम ठरून गेलं. वेलींना पाणी घालून झालं की फर्डिनंड खाली उशीचा पांढरा अभ्रा धरायचा. काठीने वेल मोडेल म्हणून रेजिना ती हातानेच हलवायची. त्याच्या किड्यांसाठी तिने एक वेल औषध न मारता सोडून दिली होती. अभ्र्यावर मोठे नारिंगी किडे पडायचे आणि त्यांच्यात काही लहान, काळपट. मोठे तो बाटलीत घ्यायचा. लहान त्याला खुरटलेले, दुसऱ्याच कुठल्या जातीचे वाटायचे. ते तो फुंकर मारून उडवून द्यायचा.

"वेगले नाय ते," रेजिना एकदा म्हणाली. "नवरा-बायको हायेत. एका पानाखाली बसतात, तुम्हांला दिसत नाय?"

"यांची लग्नं कुठल्या फादरने चर्चमध्ये पुकारली?"

"पुकारायला कशाला पायजे? एका पानाखाली ऱ्हातात, तेवढं पुरे."

तो हसला. तीस वर्षं सूक्ष्मदर्शक पुसलेल्या माणसाला चौथी शिकलेली बायको जात शिकवत होती.

अकरा किडे त्याने टाचण्यांत ओवलेल्या कागदी त्रिकोणांच्या टोकांवर डिंकाने चिकटवले, टाचण्यांना चिठ्ठ्या लावल्या. उमेळे, तारीख, पानवेल, गोळा करणारा फर्डिनंड. पेटी पुण्याच्या कीटकतज्ज्ञ विनिताबाईंकडे पाठवली. जात नवी निघाली तर तिला रेजिनाचं नाव द्या, असं तो त्यांना सांगणार होता. रेजिनाला मात्र बोलला नाही. आधी उत्तर येऊ दे.

उत्तराला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात रेजिनाला कावीळ झाली आणि आठव्या दिवशी ती गेली. त्यानंतर फर्डिनंडने घरामागच्या वाडीत, त्या वेलींकडे पाऊल टाकलं नाही. पानवेलीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. हे त्याला माहीत होतं.

पत्र मे महिन्यात आलं. बाईंनी मायेने लिहिलं होतं. किडा बहुधा नवा आहे, पण आलेल्या अकराही माद्या आहेत. या कुळात नराच्या शेपटाकडचे अवयव पाहिल्याशिवाय जात ठरत नाही, नाव देता येत नाही. 'नर लहान आणि काळपट असावेत. आपल्याकडे असतीलच.'

पत्र हातात घेऊनच तो वाडीत गेला. आधाराच्या पांगाऱ्यांवर वेलींच्या वाळक्या दोऱ्या लटकत होत्या. एकीला हात लावला, तर ती तुटून हातात आली.

पुढचे दोन पावसाळे तो लोकांच्या वाड्या हिंडला. कुठे वेली उपटून भराव घातला होता, कुठे औषध मारलेलं होतं. जिथे वेल मिळाली तिथे एका हातात अभ्रा धरून दुसऱ्याने ती हलवायचा. अभ्रा लोंबायचा, पडायचं ते निम्मं गवतात जायचं. लहान काळा असा एकही मिळाला नाही.

शेवटी त्याने बाईंना सगळं लिहून कळवलं, फुंकरीसकट. सोबत अकरा नव्या चिठ्ठ्या पाठवल्या. जातीची जागा कोरी होती. खाली लिहिलं होतं, गोळा करणारी रेजिना. जुन्या चिठ्ठ्या काढून या लावा, अशी विनंती केली.

बाईंचं कार्ड आलं. नाव नसलेल्या किड्यांच्या पेटीत ते अकरा नीट ठेवले आहेत, त्यांनी लिहिलं होतं. जुनी चिठ्ठी काढायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून नवी त्याच टाचणीवर तिच्याखाली लावली आहे.