टिकली पांढरी होती

म्हसा गावच्या जत्रेत मी माझ्या दाजींना मारलं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्याचा व्हिडिओ आहे. ते सांगायला मी बसलेले नाही. जे सांगायचंय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, ताईला तर नाहीच नाही. देवापुढे उभी राहते तेव्हाही तेवढं गाळून बाकीचं बोलते. मग तुलाच का? काय माहीत. तू मला ओळखत नाहीस, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव ऐक, कारण सगळं त्याच्याच आडोशाला लपलंय. मी तापट आहे. शाळेत एका पोराचं डोकं पाटीनं फोडलं होतं. नवऱ्याला लाटणं फेकून मारलंय, आणि नेम चुकला म्हणून वर शिव्या दिल्यात. गावात माझ्या भांडणाच्या नकला करतात मेले, मलाही हसू येतं. पण लोक लगेच पुढे जोडतात — सुमन तोंडाची फटकळ, पण मनाची साफ. राग आला की येतो, आत काही ठेवत नाही. हे सगळे म्हणतात. ताई तर शपथेवर सांगेल.

मुरबाडच्या एमआयडीसीत एक दुधाची कंपनी आहे, तिथे मी लेबल लावणाऱ्या बायकांची सुपरवायझर. काचेच्या बाटलीतलं मसाला दूध. आमच्या लेबलाचं मोठं कौतुक. त्यावर एक कोड असतो, त्याच्यावर फोन धरला की दूध कधी भरलं, थंड खोलीतून कधी निघालं, कुठल्या दुकानदाराला पोचलं, सगळं दिसतं — दुकानदाराचा फोटोसुद्धा. आणि कोडाच्या बाजूला एक गोल ठिपका. साहेब लोक त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी म्हणतात, आम्ही बायका टिकली म्हणतो. टिकली पांढरी असते. दूध गरम जागेत राहिलं की जांभळी पडते, आणि एकदा पडली की परत पांढरी होत नाही. पण तिचं काम सुरू होतं लेबल बाटलीला चिकटवल्यावर. तोवर लेबलं फ्रीजरमध्येच. म्हणजे नासलेल्या दुधावर नवं लेबल लावलं तर टिकली पांढरीच. कळलं ना?

डोळखांबकडची एक मुलगी होती माझ्या हाताखाली, मंजुळा. कामाला चोख. एकदा जेवायला जाताना तिच्याकडून एक क्रेट बाहेर राहिला आणि टिकल्या जांभळ्या झाल्या. मी सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली जाळ काढला. म्हटलं, लोकांची पोरं पितात हे, अक्कल गहाण टाकलीस काय? त्याच दिवशी तिला घरी बसवलं. ती रडत गेली, आणि मला — खोटं का बोलू — बरं वाटलं. साहेबांनी शाबासकी दिली होती.

मग पौषातली म्हशाची जत्रा आली. आमच्याकडे जत्रा म्हणजे अर्धी कंपनी रिकामी. बांगड्या भरायच्या, घोंगडी घ्यायची, पाळण्यात बसायचं, पोरी सकाळपासून चुळबुळत होत्या. टेम्पो यायच्या आधीच क्रेट काढून शेडमध्ये लावून ठेवायचे आणि सुटायचं, ही आमची जुनी खोड. त्या दुपारीही तेच केलं. मीच सांगितलं होतं, लावा आणि पळा. पोरी गेल्या आणि टेम्पोवाल्याचा फोन आला, गाडी बंद पडलीय, सकाळी येतो. आता ते सगळे क्रेट परत आत कोण नेणार? एकटी होते. म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, काय होतंय. आणि घरी गेले. शेड पत्र्याची, त्यावर उतरतं ऊन थेट पडतं, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी आले तर सगळ्या टिकल्या जांभळ्या.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं सांगू? लोकांची पोरं नाही आली. मंजुळा आली. आता बायका पदर तोंडाला लावून हसणार, म्हणणार, कशी जिरली. मी गरम पाण्यात बाटल्या बुडवल्या, लेबलं सोलून काढली, फ्रीजरमधली नवी चिकटवली, आणि टेम्पो येताच आत्ताच थंड खोलीतून निघाल्याचं स्कॅन केलं. जांभळी लेबलं बॉयलरच्या आगीत टाकली.

तो माल दाजींकडे गेला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, किन्हवलीकडचे. जत्रेत दरवर्षी त्यांचं चहा-भज्यांचं दुकान लागायचं. यंदा दूध ठेवा म्हणून मीच मागे लागले होते. साधा माणूस — मेव्हणी म्हणून माझी थट्टा करायचा, माझा आवाज चढला की कान धरून उभा राहायचा. माल उतरवून घेतल्यावर त्यांचा फोन आला.

"सुमन, एक बाटली फोरली गो. वास वाटतो जरा. इकू का नको?"

मी विचारलं, टिकली काय रंगाची हाय? म्हणाले, पांढरी. मी म्हटलं, मंग? तुमचं नाक शाणं का ती टिकली शाणी? जायफळाचा वास हाय तो, गप इका.

ते हसले. "तू म्हनतंस तं इकतो."

म्हणजे अजून वेळ होती. विकू नका, एवढंच म्हणायचं होतं ना मला? जीभ झडली असती का? फोन ठेवला, पोरींना पुढच्या लेबलांचं काम दिलं आणि दुपारी जत्रेला गेले.

ऊन कललं तेव्हा बैलबाजाराच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. पोरं ओकत होती. एक म्हातारी मातीत लोळत होती. एका बापाच्या खांद्यावर त्याची लेक मान टाकून पडलेली, आणि तो नुसता तिचं नाव घेत पळत होता. सगळ्यांनी दाजींच्या दुकानातलं दूध घेतलं होतं. माणसं दुकानापुढे जमली. कुणीतरी बाटलीवर फोन धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं — आज सकाळी थंड खोलीतून निघालं, इथं पोचलं, ताब्यात घेतलं काशिनाथने. फोनवर दाजींचा हसरा फोटो. टिकली पांढरी. मग झालं! कंपनीचं दूध चांगलं, तर वाईट कोण? यानंच झाकणं उघडून भेसळ केली. बैलबाजारातली माणसं ती, कुणाच्या हातात आसूड, कुणाच्या हातात पराणी, पुढे लोखंडी टोक लावलेली. दाजी हात जोडून सांगत होते, मी नाय काय केलं रं, आईची आन.

आणि त्यांना गर्दीत मी दिसले.

त्यांना एकदम हायसं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं. ते मला सहन होत नाही, अजून नाही. मला बघून तो माणूस सुटल्यासारखा हसला.

"आली बगा! इचारा हिला. सुमन, सांग गो यांना, सकाली मी फोनवर तुला —"

मी काचेची बाटली त्यांच्या तोंडावर घातली.

काच फुटली, दात तुटले, तो आवाज एकदमच आला. दूध आणि रक्त मिळून त्यांच्या गळ्यावरून खाली आलं. त्यांचे डोळे उघडेच होते. ते परत काहीतरी बोलायला गेले, म्हणून मी फुटकी बाटली पुन्हा तिथेच घातली, तोंडावरच. माझा तळवा चिरला. मग मी ओरडले, पोरांना इख पाजतो हा, मारा याला! सख्खी मेव्हणी म्हणते म्हटल्यावर कोण थांबणार? दुकानाचे बांबू उपटले. पराणीचं टोक मांडीत घुसलं. भज्यांची कढई त्यांच्या पाठीवर उलटली, तेल उकळतं होतं. ते गुरासारखे ओरडले. मग कुणीतरी केसांना धरून त्यांचं डोकं बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर आपटलं, पुन्हा पुन्हा, ओरडणं बंद होईपर्यंत. मी बघत होते. बाटल्यांचे क्रेट लोकांनी लाथांनी फोडले, एकही बाटली राहिली नाही. तेही मी बघितलं, आणि मनात म्हटलं, बरं झालं.

कुणीतरी मला बाजूला नेऊन पाणी दिलं. म्हणाला, ताई, तुमी बसा, राग सोसंना व्हय?

राग!

आता ऐक. मला राग आला नव्हता. ज्या बाईला भाजी अळणी झाली तरी राग येतो, तिच्या डोक्यात त्या वेळी रागाचा एक कणसुद्धा नव्हता. डोकं गार होतं. बाटली मी त्यांनी बोलायच्या आधीच उचलून घेतली होती — क्रेटमधून, चांगली मानेकडून धरून. डोक्यात नाही मारली, पाठीत नाही मारली. तोंड निवडलं. माझ्या तापटपणाच्या इतक्या गोष्टी गावात फिरतात की त्या दिवशी खोटा राग अंगावर घेतला तर कुणाला शंकासुद्धा आली नाही. आयुष्यभर तोंड टाकून जे नाव कमावलं, ते मी तिथे वापरलं.

पोरं वाचली. म्हातारीही उठली. दाजींना आधी शहापूरला, मग ठाण्याला नेलं. जबडा तारांनी बांधला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. कळतं त्यांना सगळं, पण ओठांतून नुसती हवा येते. मारहाण जमावाची म्हणून ती तशीच राहिली, पोलिसांनी मला दुधाचंच विचारलं. मी सांगितलं, माल आमच्याकडून चांगला गेला, फोनवर बघा. त्यांनी बघितलं. केस दाजींवर झाली, भेसळीची, अजून चालू आहे. मी एक वाक्य बोलले तर ती आज उभी राहणार नाही. मी बोललेले नाही.

कंपनीनं माझा सत्कार केला. स्वतःच्या मेव्हण्यालाही सोडलं नाही म्हणून. आता आमच्या बाटलीवर फोन धरलास तर आधी मीच दिसते, पांढरी टोपी घालून. म्हणते, मी सुमन, तुमच्या दुधाची काळजी माझी. त्यासाठी पावडर लावून उभं केलं होतं मला. पहिल्यांदा हसू नीट येईना, मग आलं.

ताईचा माझ्यावर राग नाही. ती म्हणते, तुजा सभावच तसा गो, तू तरी काय करशील, ती पोरं बगून कुनाचं टालकं फिरनार नाय? तिला वाटतं, दाजींनी खरंच काहीतरी मिसळलं असणार. नवऱ्याचं पाप म्हणून ती गावात मान खाली घालून चालते. भात लावणीला ती मजुरीला जाते तेव्हा मी सुटी घेऊन दाजींजवळ बसते. मी दारातून आत आले की ते हळूहळू, सगळी ताकद लावून, तोंड भिंतीकडे फिरवतात. त्यांना तेवढंच जमतं.

ताई म्हणते, लाजतात तुला, त्यांच्यापायी तुला हात उचलाया लागला म्हनून.

मी हो म्हणते. मग त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवते आणि पेज भरवते.