धुतलेली घोंगडी

मंडळी, खुब्याचा सांधा बदलल्यानंतर आज पहिल्यांदाच सॅक पाठीवर टाकून निघालो.

सणसरजवळ उसाच्या बांधावरून एका मावशींनी हाक मारली, "दादा, च्या घेऊन जावा." माझ्यासाठी त्यांनी घोंगडी झटकून अंथरलीसुद्धा.

डॉक्टरांनी मला जमिनीवर बसायला मनाई केलीय. तेवढं सांगायचं, तर मी म्हणालो, "नको, घाईत आहे." धडधाकट दिसायची हौस ना!

मावशींचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, "घोंगडी धुतल्याली हाय वो, दादा."

तरी मी लंगडणं दिसू नये म्हणून ताठ चालत निघून आलो.

आता घरी खुर्चीत बसलोय, पुढ्यातला चहा निवून गेलाय. स्वतःचा खुबा लपवायला मी त्यांची घोंगडी मळकी ठरू दिली. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ, सांगा.