डोकी नसलेली चकती

दोरीमामांच्या दुकानात दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं बाहेरच थांबायचं, एवढंच ते दुकान. जिन्याखालची जागा, एक कॉम्प्युटर, एक ढेरपोट्या जुना टीव्ही आणि खिडकीत दोऱ्यांनी टांगलेल्या डीव्हीडी. बिघडलेली चकती मामा फेकत नसत. कबुतरांना धाक म्हणून खिडकीत लटकवत. कबुतरं मात्र त्यात बघून पिसं सारखी करत.

मामांनी छत्तीस वर्षं एका नाटक कंपनीत पडदा ओढला. दोरी हे नाव तिथेच पडलं आणि खऱ्या नावाला कायमची सुट्टी मिळाली. कंपनी मिटली, तेव्हा पुतणीकडून ते हे नवं काम शिकले. लोक नेटवरून उतरवलेले व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणून देत. मामा ते घरच्या जुन्या प्लेअरला कळतील अशा रूपात बदलत आणि डीव्हीडीवर चढवत. पण नुसतं चढवून देतील तर ते दोरीमामा कसले! प्रत्येक चकतीच्या आरंभी आणि शेवटी तीन सेकंदांचा काळोख असे. लग्न असो नाहीतर शाळेची कवायत, आधी काळोख. "पडद्याशिवाय कधी खेळ सुरू होतो का?" असं वर गिऱ्हाइकालाच विचारत.

एका सकाळी वहिनी आल्या. वहिनी म्हणजे कंपनीच्या प्रॉम्प्टरची बायको. नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच ते पुरवणारा हा माणूस आणि मामा, दोघं सगळी वर्षं एकाच विंगेत, एकाच बाकावर. प्रॉम्प्टर गेल्याला आता वर्ष होत आलं होतं.

"भावजी, आपल्या शेवटच्या प्रयोगाचं कुणीतरी पुढच्या रांगेतून शूटिंग केलं होतं. ते भाच्यानं नेटवरून उतरवलंय," वहिनींनी पेनड्राइव्ह पुढे केला. "मला घरच्या प्लेअरवर बघायचंय. मोबाइल काही मला जमत नाही."

मामांनी जीव ओतला. पहिल्या चकतीत चित्राची मापं चुकली आणि सगळ्या नटांची डोकी पडद्याबाहेर गेली. ती चकती खिडकीत रवाना झाली. दुसऱ्या वेळी डोकी जागेवर आली, तर मामांच्या कानाला विंगेतली कुजबुज खुपली. विंगेतला शब्द प्रेक्षकांत गेला तर कंपनीची अब्रू गेली, हा छत्तीस वर्षांचा नेम. दोन दिवस खपून मामांनी पंख्याची घरघर, लोकांचे खोकले आणि ती कुजबुज, सगळं धुऊन काढलं. मग रिवाजाप्रमाणे कॉम्प्युटरवरची फाइल पुसली आणि पेनड्राइव्हही कोरा करून परत दिला.

दुसऱ्याच दिवशी वहिनी चकती घेऊन परत दारात.

"भावजी, यात हे नाहीत."

"ते कसे दिसतील? ते तर विंगेत होते."

"दिसायला कोण मागतंय! भाच्याच्या मोबाइलवर ऐकू येत होते. त्यांच्या आवाजाचं घरात दुसरं काही म्हणजे काही नाही हो."

"वहिनी... मी तो दोष समजून काढून टाकला."

"दोष होताच," वहिनी स्टुलावर बसल्या. "पण माझा होता ना तो."

भाच्याला फोन लावला. त्याच्याकडे प्रत उरलेली नाही आणि नेटवरूनही तो व्हिडिओ काढून टाकलेला. मामांची नजर खिडकीकडे गेली आणि ते एकदम उठले. डोकी कापलेली चकती! ती आवाज धुण्याच्या आधीची!

खिडकीत चौदा चकत्या, नाव एकीवरही नाही. मामा दोऱ्या सोडत, वहिनी रुमालानं चकत्या पुसत.

"कबुतरांनी सह्या केल्यात की हो सगळ्यांवर."

"थोर कलावंत आहेत ते. पुसा."

कुणाचं लग्न लागलं, कुणाची कवायत झाली. नवव्या चकतीला काळोख सरला आणि खांद्यावर काही नसलेला राजा डौलात आत आला.

"अगंबाई, राजाला डोकंच नाही!"

"माझीच कर्तबगारी."

"नसू दे. मला कान आहेत."

राजा अडखळला. विंगेतून खालच्या पट्टीत एक वाक्य सरकत आलं आणि वहिनींचा हात रुमालासकट तोंडाशी गेला. रुमालाआडूनच म्हणाल्या, "घरी मात्र एवढं हळू एकदाही बोलले नाहीत."

मग कुणी उठलं नाही. तिन्ही अंक दोघांनी बिनडोक राजासकट पाहिले. शेवटी टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांच्या आडून तोच आवाज आला, "दोरी, सोड."

मामांचे दोन्ही हात आपसूक वर गेले, हवेतली दोरी धरून सावकाश खाली आले. टीव्हीवर काळोख झाला. तीन सेकंद संपले तरी मामांचे हात मांडीवर मुठी मिटूनच होते.

"हे राहू द्या हं यात," वहिनी म्हणाल्या.

मामांनी तेव्हाच कामाला हात घातला. चित्र धुतलेल्या चकतीचं, आवाज कबुतरांच्या चकतीचा. नव्या चकतीवर नाटकाचं नाव लिहायला त्यांनी पेन उघडलं, पण ठळक अक्षरांत प्रॉम्प्टरचं नाव लिहिलं.